सोडलेले मित्रकोळी गेले कुठे?

पिकाचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांना खाणारे मित्रकोळी, म्हणजे भिंगातून दिसणारे बारीक भक्षक कोळी, आम्ही बाटलीतून देतो. ती बाटली पिकावर रिकामी केली की दोन दिवसांत फोन येतोच, "अहो, तुमचे कोळी दिसतच नाहीत, उडून गेले काय?" त्यांना पंख नसतात. बहुतेक वेळा शोधायची जागाच चुकलेली असते. पानाच्या वरच्या अंगाला, उन्हात, ते थांबत नाहीत.

ढोबळी मिरचीचं पान उलटं करा. मधल्या शिरेला फाट्याची शीर जिथं मिळते, त्या बेचक्यात दहापटीचं भिंग धरा. तिथं केसांचा बारीक झुबका दिसेल. भक्षक कोळ्यांच्या बऱ्याच जाती त्याच आडोशाला बसतात, माद्या अंडीही तिथं घालतात. आत ओलावा टिकतो आणि अंडी दुसऱ्या किड्यांच्या तोंडी सहज लागत नाहीत. द्राक्षाच्या काही वाणांच्या पानांतही अशा जागा असतात. ओलाव्याचं महत्त्व अथणीकडच्यांनी जास्त लक्षात घ्यावं, कारण एप्रिलच्या कोरड्या हवेत अंडी सुकून जातात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं पावसाळ्यात ही काळजी नाही.

भक्षक कोळ्याला डोळे नसतात. लाल कोळ्यानं रस शोषलेलं झाड वेगळा वास सोडतं, त्याच्या मागावर तो येतो. लाल कोळ्याच्या जाळ्याला पाय लागला की तिथंच घुटमळतो. म्हणून बाटली सगळ्या वाफ्यांवर सारखी झाडत बसू नका. जिथं जाळी धरली आहे तिथं जास्त सोडा. आम्ही देतो तो निओसियुलस लाँजिस्पायनोसस आपल्याच देशातला, मुख्यतः लाल कोळ्यांवर जगणारा. खाणं संपलं की तोही पांगतो. तेव्हा तो दिसला नाही तरी पैसे बुडाले असं समजू नका.

टोमॅटोसाठी मागणी आली की आम्ही आधी नकोच म्हणतो. त्या पानाखोडावरच्या चिकट केसांत भक्षक कोळ्याचे पाय अडकतात. निपाणीच्या मंडळींना तंबाखूच्या पानाचा चिकटा काय असतो ते सांगायला नको.

भिंगाखाली दोन्ही कोळी दिसले तर पानावर हलकी फुंकर मारा. अंगावर दोन काळसर डाग असलेला, सुस्त, तो पिकाचा शत्रू. चकचकीत, नासपतीच्या आकाराचा, तुरुतुरु पळणारा तो आपला.

भुरी रोगासाठी गंधक मारायचं असेल, तर ते मित्रकोळ्यांनाही बाधू शकतं, म्हणून कोळी सोडण्याआधी आम्हाला विचारा. सोडल्यावर विचारून उपयोग नाही.