घरीच शिकणारं मूल आणि कायदा: मागे जाताना कोल्हापूर लागतं

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं तर चालतं का, अशी विचारणा आता कोल्हापुरातही कानावर येते. होमस्कूलिंगला रीतसर परवानगी देणारं कलम शिक्षण हक्क कायद्यात नाही, आणि घरी शिकवणाऱ्या पालकाला दंड करणारंही नाही. हे असं अधांतरी का राहिलं, ते पाहायचं तर याच गावापासून सुरुवात करावी लागते.

नामदार गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. गोखले कागल-कोल्हापुरात शिकलेले, आणि जे ब्रिटिश मुलखात जमलं नाही ते करून दाखवणारे शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे! १९१७ मध्ये महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या (तालुक्यातल्या) चिखलीत त्यानुसार पहिली शाळा उघडली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळी रोजंदारीवाल्याला रुपया जड जायचा.

ती सक्ती कुणासाठी होती, हे महत्त्वाचं. शेतावर, गुरांमागे जाणारी, जातीमुळे शाळेच्या दारातच अडवली जाणारी मुलं महाराजांच्या डोळ्यांपुढे होती. हौसेने घरी शिकवणारा पालक तेव्हाच्या चर्चेत नव्हताच. खरं तर खासगी शिकवणी ही श्रीमंताघरची रीत. स्वतः महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजनंतर धारवाडला फ्रेझर साहेब या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली शिकले. पण ज्याच्या घरी अक्षरओळखच नाही, त्याच्या मुलाला शाळेवाचून दुसरी वाट नव्हती.

कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचे शिक्षण कायदे इथे आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती केव्हाच उलटून गेली. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क घटनेतच लिहिणारा अनुच्छेद २१अ आला, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

या कायद्याचं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. न केल्यास काय, यावर ते गप्प आहे. दंड आहे तो कलम १८ मध्ये, मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत. त्यामुळे शेजारपाजारची पाच-दहा पोरं गोळा करून फी घेऊन ‘होमस्कूल’ चालवणाऱ्यांनी जपून राहावं. त्याला शाळा ठरवायला वेळ लागत नाही. २०११ मध्ये होमस्कूलिंगचा विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला. स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, असं केंद्राने २०१२ च्या प्रतिज्ञापत्रात म्हटलं. दिलासा मिळाला, पण प्रतिज्ञापत्राने कलम बदलत नाही.

सरकारी नोंदीत मात्र पटावर नसलेलं मूल म्हणजे ‘शाळाबाह्य’. ४ जुलै २०१५ च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात शिक्षक घरोघर, वीटभट्ट्यांवर, एसटी स्टँडवर फिरले आणि नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. घरी व्यवस्थित शिकणाऱ्या मुलासाठी वेगळा रकाना असायला हवा, असं मला वाटतं. पण तो ठेवताना बालमजुरीला पळवाट मिळणार नाही, हेही पाहावं लागेल. ऊसतोडीच्या हंगामात फडावर राहणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

परतीची वाट कायद्यानेच ठेवली आहे: कलम ४ नुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात थेट प्रवेश मिळतो. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष पातळ्या आहेत. तिथे दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि नेहमीच्या बोर्डातूनच दहावी द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचं विभागीय मंडळ इथेच आहे. फॉर्म भरताना शाळा सोडल्याचा दाखला मागतात. त्यामुळे मध्येच शाळा सोडवून मुलाला घरी घेणाऱ्यांनी मूळ दाखला जपून ठेवावा.