जुन्या बीकनचा मनोरा आणि हौशी रेडिओ : एक खुलासा

बंद पडलेल्या विमान-बीकनचा, म्हणजे विमानांना दिशा कळावी म्हणून रेडिओ-संकेत सोडणाऱ्या केंद्राचा (एनडीबीचा), अँटेना ट्रान्सीव्हरला (संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या संचाला) जोडला की कोणत्याही बँडवर (वारंवारितांच्या पट्ट्यावर) जगभर बोलता येते, हा समज हौशी रेडिओत, म्हणजे छंद म्हणून रेडिओ-संपर्क करणाऱ्यांत, वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. बीकनच्या ३०० किलोहर्ट्‌झ वारंवारितेला तरंगलांबी १,००० मीटर, म्हणजे चांगल्या उभ्या अँटेनाला लागणाऱ्या पाव तरंगलांबीसाठी २५० मीटर उंची हवी. १५ मीटरचा मनोरा त्यापुढे खुजाच. अशा अँटेनाचा उत्सर्जन-रोध (लहरी म्हणून किती शक्ती बाहेर पडते ते दाखवणारा रोध) एका ओहमपेक्षाही बराच कमी असल्याने बरीचशी शक्ती जुळवणीच्या कॉइलमध्ये आणि जमिनीत उष्णता होऊन जाते. शिवाय तळाशी असलेल्या पेटीतली जाडजूड कॉइल एकाच वारंवारितेला जुळवलेली असते. ती न बदलता दुसऱ्या बँडवर प्रक्षेपण केल्यास बहुतेक शक्ती परत फिरते.

मग उपयोग काहीच नाही का? आहे, आणि मोलाचा आहे. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्‌झचा हौशी बँड, जो २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत दुय्यम दर्जाने (मुख्य वापरकर्त्यांना अडथळा न करण्याच्या अटीवर) मिळाला, बीकनच्या वारंवारितांच्या जवळच असल्यामुळे तिथे कॉइलचे वेढे कमी करून हाच अँटेना उत्तम चालतो. माझ्या मते खरी दौलत मनोऱ्यात नसून जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांच्या जाळ्यात आहे. मात्र प्रक्षेपण चालू असताना अँटेनाच्या वरच्या तारेवर हजारो व्होल्ट असू शकतात, तेव्हा तिला हात लावू नये.