शिरोमुंडन, सेफ्टी रेझरने

दोन धारांचे, बदलता येणारे पाते बसवलेल्या रेझरने डोक्यावरील सगळे केस स्वतःच्या हाताने काढण्याची पद्धत. क्षौर आपल्याकडे प्राचीन आहे. अथर्ववेदातील एका सूक्तात (६.६८) सविता वस्तरा घेऊन आणि वायू ऊन पाणी घेऊन येतो, चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा केस, दाढी व नखे काढावीत असे सांगितले आहे. मात्र डोक्याच्या क्षौरात वस्तरा बहुधा दुसऱ्याच्या हाती असे.

या रेझरच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील झां-झाक पेरे यांनी पात्याला लाकडी आवरण घातले, पण तो मुळात वस्तराच होता. विल्यम हेन्सन यांनी १८४७ च्या इंग्रजी पेटंटात पाते कुदळीसारखे दांड्याला आडवे बसवले. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंचे पेटंट १८८० चे. किंग कॅम्प जिलेट यांचे पातळ, वापरून टाकून देण्याचे पाते १९०३ मध्ये विक्रीस आले व त्याचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले. त्यामुळे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. दाढीपुरते ते ठीक आहे. डोक्याच्या बाबतीत हेन्सन यांचा आडवा दांडा अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक वाटते, कारण न दिसणाऱ्या मागच्या भागावर आपलाच हात बेताने चालतो तो त्यामुळे.

शिकताना केस आधी मशीनने अगदी बारीक करावेत, डोके ऊन पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावे आणि ब्रशने दाट फेस करावा. रेझर त्वचेशी सुमारे ३०° च्या कोनात धरावा. दाब देऊ नये, त्याचे वजन पुरते. गालासारखी मांसल गादी येथे नसते आणि कवटीचा उतार दर दोन बोटांवर बदलतो. म्हणून ओढ आखूड ठेवून मनगटाने कोन सावरावा लागतो. मागच्या उंचवट्यावर डाव्या हाताची बोटे पुढे चाचपत जातात, रेझर त्यांच्यामागून. भोवऱ्याशी केस गोल फिरलेले असल्याने तेथे दिशाही बोटांनीच ओळखावी. कानामागे कान दुमडून त्वचा ताणून धरावी. पहिला हात सुलटा, म्हणजे केसांच्या वाढीच्या दिशेने, दुसरा आडवा. वाढीच्या विरुद्ध उलटा हात सुरुवातीला टाळावा, नाहीतर केस कातडीखाली वळून पुटकुळ्या येतात. शेवटी गार पाणी व तुरटीचा खडा.

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार या भागांतील मराठी कुटुंबे और्ध्वदेहिकासाठी, म्हणजे मरणोत्तर विधींसाठी, नर्मदाकाठी चांदोदला जातात; तेथील मुंडन नाभिकाच्या हातचेच. शेंडी राखायची असल्यास घरीही हे काम त्यांच्याकडेच सोपवणे बरे. रेझरचे पाते सुमारे ४३ मिमी लांब असून ते रेझरच्या डोक्याखाली झाकलेले असते. शेंडीभोवतीची गोल कड त्याने नेमकी धरता येत नाही.