डेटा विकणं आणि डेटावर विकणं

‘फेसबुक आपला डेटा विकतं’ हे वाक्य कुठल्यातरी नव्या घोटाळ्याच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा वर येतं. पाठोपाठ कंपनीचा ठरलेला खुलासा: ‘आम्ही कुणाचाही डेटा विकत नाही.’ मग निम्मे लोक कंपनीला खोटारडी ठरवतात आणि उरलेले ‘चला, मग काळजी नाही’ म्हणून झोपतात. दोघेही एकाच गफलतीचे बळी. डेटा विकण्याचा धंदा एक, डेटाच्या जोरावर जाहिराती विकण्याचा धंदा दुसरा, आणि आपण दोन्हींना एकाच नावाने हाका मारतो.

पहिला धंदा सगळ्यांना समजतो, त्यामुळे तो चार वाक्यांत उरकतो. अ‍ॅक्सिअम, एक्स्पीरियन अशा कंपन्या ठिकठिकाणाहून माहिती गोळा करतात, लोकांचे गट पाडतात आणि ती माहिती गिऱ्हाइकाला पुरवतात. माहितीची प्रत हातातून जाते. घेणारा तिचं पुढे काय करतो यावर तुमचा ताबा नसतो, विकणाऱ्याचाही फारसा नसतो. विक्री म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते हेच.

मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांची मुख्य कमाई अशी होत नाही. जाहिरातदार येतो आणि सांगतो: अमुक वयाचे, अमुक भागातले, अमुक आवडीचे लोक. हल्ली तर तेवढंही सांगावं लागत नाही. ‘माल विकत घेतील असे लोक शोध’ एवढंच सांगायचं, बाकीचं यंत्रणा बघते. तुम्ही स्क्रीनवर बोट सरकवता तेव्हा पुढच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. तो केवळ सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकत नाही. त्या बोलीला गुणलं जातं एका अंदाजाने: हा माणूस क्लिक करण्याची, खरेदी करण्याची शक्यता किती? त्यात जाहिरातीच्या दर्जाचे गुण मिळवले की निकाल. तुमची सगळी माहिती खर्ची पडते ती या अंदाजात. जाहिरातदाराच्या हाती येतो तो फक्त हिशेब, म्हणजे इतक्यांनी पाहिलं, इतक्यांनी क्लिक केलं. नावं नाहीत, नंबर नाहीत. २०२३ साली मेटाचं, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचं, उत्पन्न साधारण १३५ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले जवळपास १३२ अब्ज जाहिरातींचे होते. विहीर स्वतःकडे ठेवून पाणी विकायचं, असा हा व्यवहार आहे. विहीरच विकून टाकली तर उद्या काय विकणार?

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या सेनेटर ऑरिन हॅच यांनी सुनावणीत फेसबुकचा प्रमुख मार्क झुकरबर्गला विचारलं, लोक पैसे देत नाहीत तर धंदा चालतो कसा? त्याने उत्तर दिलं, ‘सेनेटर, आम्ही जाहिराती चालवतो.’ त्या प्रश्नोत्तरावर आजही विनोद होतात. मला विचाराल तर त्या सुनावणीतलं ते सर्वांत सरळ उत्तर होतं. फक्त कुणी ते पुरतं ऐकून घेतलं नाही.

आता लोक खरोखर जिथे अडखळतात ते. बहुतेकांच्या डोक्यात माहितीचा प्रवाह उलटा असतो, फेसबुककडून जाहिरातदाराकडे जाणारा. प्रत्यक्षात तो बव्हंशी जाहिरातदाराकडून फेसबुककडे वाहतो. वेबसाइटवाले आपल्या पानांत मेटाचा पिक्सेल नावाचा कोडचा तुकडा बसवतात. तुम्ही कोणतं पान उघडलं, कार्टमध्ये काय टाकलं, पैसे भरले की अर्ध्यात सोडलं, हे तो मेटाला कळवतो. शिवाय दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची आणि ईमेलची यादी अपलोड करतात, मेटा ती आपल्या खात्यांशी जुळवून बघते आणि त्याच लोकांना, किंवा त्यांच्यासारख्या दुसऱ्यांना, जाहिरात दाखवते. यादी हॅश करून, म्हणजे गणिती सांकेतिक रूपात पाठवतात, म्हणून ती निनावी असते, असं ऐकवलं जातं. या युक्तिवादाची मला चीड येते. एकाच नंबरचा हॅश दोन्हीकडे सारखाच येतो, म्हणून तर जुळणी होते. ओळख पटवण्यासाठीच जे पाठवलं, ते निनावी कसं?

म्हणजे तुमचा नंबर दिला तो दुकानाने, आणि वर जाहिरातीचे पैसेही दुकानानेच मोजले. कंपनीने काहीच विकलं नाही. तिचा खुलासा शब्दशः खरा आणि आपल्या दृष्टीने कुचकामी.

केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण डेटाविक्रीचं उदाहरण म्हणून सर्रास दिलं जातं. फेसबुकपुरतं बोलायचं तर ते चुकीचं आहे. एक प्रश्नावलीचं अ‍ॅप सुमारे २.७ लाख लोकांनी घेतलं. तेव्हाच्या नियमांनुसार अ‍ॅपला त्यांच्या मित्रांचीही माहिती घेता येत होती, त्यामुळे फेसबुकच्याच अंदाजाने आकडा ८.७ कोटींपर्यंत गेला. ती माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिकाला दिली अ‍ॅप बनवणाऱ्या अलेक्झांडर कोगनने. फेसबुकने तिचे पैसे घेतले नव्हते. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आपल्याकडे यावं म्हणून दारच उघडं ठेवलं होतं. माझ्या मते हे विकण्यापेक्षा वाईट, कारण विकणारा निदान गिऱ्हाईक कोण हे बघतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

ट्विटरचं प्रकरण याहून बोलकं आहे. खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले फोन नंबर आणि ईमेल जाहिरातींचं लक्ष्य ठरवायला वापरले, म्हणून २०२२ मध्ये १५ कोटी डॉलरचा दंड झाला. आरोप विक्रीचा नव्हताच. ‘विकलं का?’ एवढंच विचारत बसलात तर असला गुन्हा नजरेतून सुटतो. विचारायचं ते हे, की कशासाठी दिलं होतं आणि कशासाठी वापरलं?

कधीकधी तर ओळखच जाहिरात बनते. २०११ मध्ये फेसबुकने ‘स्पॉन्सर्ड स्टोरीज’ आणल्या. तुम्ही एखाद्या ब्रँडचं पान लाइक केलं की तुमचं नाव आणि फोटो तुमच्या मित्रांना दिसणाऱ्या जाहिरातीत. परवानगी नाही, मानधन नाही. २०१३ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि दावा करणाऱ्यांच्या वाट्याला माणशी सुमारे १५ डॉलर आले.

पण ‘सोशल मीडियावाले कधीच विकत नाहीत’ असं सरसकट म्हणणंही चूक. रेडिटने २०२४ मध्ये शेअर बाजारात येताना डेटा-परवान्यांचे एकूण २०.३ कोटी डॉलरचे करार जाहीर केले. लोकांनी लिहिलेला मजकूर चक्क पैसे घेऊन वापरायला दिला. ग्राइंडर या डेटिंग अ‍ॅपने जाहिरात-भागीदारांना लोकेशनसकट माहिती दिली, म्हणून नॉर्वेने २०२१ मध्ये ६.५ कोटी क्रोनर दंड लावला. आणि खुल्या वेबवरच्या, म्हणजे इतर वेबसाइटवरच्या जाहिरातींच्या, लिलावात तुमच्याविषयीची माहिती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे जाते, हरणाऱ्यांकडेसुद्धा. मेटाचा स्वतःच्या अ‍ॅपमधला लिलाव घरातल्या घरात होतो. हा फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा.

‘फोनचा मायक्रोफोन आपलं बोलणं ऐकतो आणि त्यावरून जाहिराती येतात’ या समजाचं काय? एवढं सगळं वर सांगितलेल्या मार्गांनी कळत असताना चोवीस तास कान लावून बसण्याची गरज काय? आणि ‘माझे फोटो वापरायला मी फेसबुकला परवानगी देत नाही’ हा कॉपी-पेस्ट मजकूर भिंतीवर टाकून काहीही होत नाही. करार तुम्ही खातं उघडताना केलाय.

कायद्यालाही हा घोळ निस्तरावा लागला. कॅलिफोर्नियाच्या २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने ‘माझी माहिती विकू नका’ म्हणण्याचा हक्क दिला. आमचा व्यवहार विक्रीत मोडतच नाही, असा पवित्रा काही कंपन्यांनी घेतला. मग २०२३ पासून ‘किंवा शेअर करू नका’ हे जोडलं गेलं. तरीही एखाद्या अ‍ॅपने तुम्ही त्याच अ‍ॅपवर काय केलं ते पाहून तुम्हाला तिथेच जाहिरात दाखवली, तर ते यात येत नाही. आणि मेटाच्या या धंद्याचा मोठा हिस्सा तोच आहे.

काही करायचंच असेल तर ‘विकू नका’चं बटण शोधण्याआधी मेटाच्या सेटिंग्जमध्ये, मेटाबाहेरच्या तुमच्या हालचालींचं पान उघडा. कोणत्या वेबसाइट आणि अ‍ॅप तुमच्याबद्दल माहिती पाठवतात त्यांची यादी तिथे दिसते. ती खात्यापासून तोडता येते, पुढचीही जोडू नका असं सांगता येतं. वेबसाइटवाले माहिती पाठवत राहतात, फक्त ती तुमच्या खात्याला चिकटत नाही. आणि जाहिराती तेवढ्याच दिसतील.