डासामुळे एचआयव्ही? छे!

पावसाळा आला की चाळीत जुनी शंका निघतेच: एचआयव्ही असलेल्या शेजाऱ्याला चावलेला डास आपल्याला चावला तर? एचआयव्ही होत नाही. डास एका नळीने रक्त ओढतो, दुसरीने फक्त लाळ सोडतो. मलेरियाचा जंतू डासात वाढून लाळेपर्यंत पोहोचतो. एचआयव्ही त्याच्या पोटात पचून जातो. नाहीतर मुंबईत शाळकरी पोरंही सुटली नसती! हा विषाणू पसरतो असुरक्षित संभोगातून, दूषित रक्तातून, सुयांतून, आईकडून बाळाला. (रोज एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, घेऊन तो तपासणीत सातत्याने सापडेनासा झाला, तर संभोगातूनही नाही. हे अजून कितीजणांना माहीतच नाही.) सरकारी केंद्रांत ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात, जे. जे. रुग्णालय सुरुवातीच्या केंद्रांपैकी. पिंपावर झाकण मात्र ठेवाच, डेंग्यू डासानेच होतो.