व्हिडिओ उतरवून घेण्याची मुभा आणि तिच्या मर्यादा: कोकणाच्या संदर्भात पार्श्वभूमी

जत्रांचा हंगाम सुरू झाला की कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागांत देवळासमोर रात्री झालेला दशावताराचा प्रयोग एक-दोन दिवसांत यूट्यूबवर दिसू लागतो आणि डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात राहणारा चाकरमानी तो घरबसल्या पाहतो. गावातल्या प्रेक्षकाची अडचण वेगळी असते. सड्यावर मिळणारे नेटवर्क खाली वाडीत टिकत नाही, पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही बंद पडतो, आणि म्हणून व्हिडिओ मिळेल तेव्हा उतरवून ठेवण्याकडे त्याचा कल असतो. असे उतरवून घेणे कायद्याला धरून आहे काय, या प्रश्नाला परस्परविरोधी उत्तरे मिळतात, आणि त्याचे कारण असे की कॉपीराइटचा कायदा, संकेतस्थळाने घातलेल्या अटी आणि फाइलवर बसवलेले तांत्रिक कुलूप या तीन निराळ्या गोष्टी आपण एकच समजून चालतो. तिन्हींचा इतिहास वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या कारणांनी घडलेला आहे.

ब्राउझरच्या किती तरी आधी हा वाद व्हीसीआरने उभा केला होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्राविषयीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, दूरदर्शनवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणे हा कॉपीराइटचा भंग नव्हे असा निर्णय दिला. त्याच वर्षी भारताने नेमके उलट्या दिशेने पाऊल टाकले. भाड्याने आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर लावून गणपतीत किंवा शिमग्यात रात्रभर सिनेमे दाखवण्याचा तो काळ होता, आणि त्यांतल्या अनेक कॅसेटी चोरून काढलेल्या असत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली झालेली दुरुस्ती मुख्यतः या चोरीला आळा घालण्यासाठी होती. कैदेची शिक्षा वाढवून किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षे आणि दंड किमान पन्नास हजार ते कमाल दोन लाख रुपये करण्यात आला, आणि व्हिडिओ कॅसेटवर निर्मात्याचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक झाले.

या दुरुस्तीने एक बाब मात्र तशीच सोडली, आणि पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून आला असे म्हणता येईल. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी जी सूट होती ती साहित्य, नाटक, संगीत आणि चित्रकला-शिल्पकलेसारख्या कृतींपुरती होती. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण तिच्यात येत नव्हते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे व्हिडिओ म्हणजे चित्रपटच. त्यामुळे पुस्तकाचे पान स्वतःसाठी उतरवून घेणाऱ्याला जे संरक्षण होते ते टीव्हीवरचा कार्यक्रम स्वतःसाठी टेप करणाऱ्याला नव्हते. ही उणीव कोणाला जाणवली नाही, कारण घरात शिरून टेप तपासायला कोणी येणार नव्हते.

व्हीसीआरनंतर व्हीसीडी आली आणि कोकणच्या बाजारपेठांत तिने चांगलेच बस्तान बसवले. भजनाच्या डबल बाऱ्या, नमन-खेळे, जाखडीचे शक्ती-तुऱ्याचे सामने आणि दशावतारी आख्याने यांच्या तबकड्या स्टँडाजवळच्या दुकानांत विकल्या जाऊ लागल्या. एका व्हीसीडीत सुमारे सव्वा तासाचे चित्रण मावते, तर दशावतार पहाटेपर्यंत चालतो. तेव्हा एका आख्यानाच्या दोन-तीन तबकड्या करणे किंवा प्रयोगाला कात्री लावणे, हे दोनच मार्ग निर्मात्यापुढे असत. बरेचदा कात्री आडदशावताराला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागाला, लागे. आजच्या कित्येक यूट्यूब चॅनेलांवर जुनी आख्याने अर्धवट दिसतात त्यामागे, माझ्या मते, हेही एक कारण असावे.

इंटरनेटवरील व्हिडिओचा आरंभ साधा होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा संकेतस्थळावरचा व्हिडिओ म्हणजे दुव्याच्या पलीकडे ठेवलेली एक फाइल असे. तिच्यावर माउसचे उजवे बटण दाबून ती साठवून ठेवणे हाच पाहण्याचा रूढ मार्ग होता, कारण काही वर्षांनी आलेल्या ५६ किलोबिटच्या मोडेमवरही पाच मेगाबाइटची चित्रफीत उतरायला बारा मिनिटांच्या आसपास वेळ लागे. म्हणजे त्या काळी साठवणे आधी आणि पाहणे नंतर. हा क्रम उलटवला तो प्रवाही प्रक्षेपणाने, ज्याला आपण स्ट्रीमिंग म्हणतो, आणि त्याचा खरा फैलाव फ्लॅश प्लेयर आणि २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबमुळे झाला.

तरीही एक गोष्ट बदलली नाही. ब्राउझर जे दाखवतो ते त्याने आधी आपल्या यंत्रावर उतरवून घेतलेलेच असते. यूट्यूबच्या पहिल्या काही वर्षांत पाहून झालेला व्हिडिओ इंटरनेट एक्सप्लोररच्या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये सबंध पडलेला सापडे. सायबर कॅफेत बसणारी मुले फोल्डर उघडत, फायली आकारमानाप्रमाणे लावत, सर्वांत मोठी निवडत, तिच्या नावापुढे एफएलव्ही हे शेपूट जोडत आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये ती चालते का पाहत. फायरफॉक्ससाठी निघालेली डाउनलोड हेल्पर यांसारखी जोडसाधने हेच काम एका बटणावर करू लागली. आजही अनेकांच्या फोनमध्ये ‘व्हिडिओप्लेबॅक’ या एकाच नावाच्या, कंसात आकडे असलेल्या फायली दिसतात. हे नाव यूट्यूबच्या सर्व्हरच्या पत्त्यातले आहे आणि फाइल कोणत्या मार्गाने आली याची ती खूणच आहे.

कायद्याने या वास्तवाची दखल घेतली ती २०१२ मध्ये. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दोन्ही पारड्यांत एकाच वेळी वजन टाकले. एकीकडे चित्रपटाच्या मालकाच्या हक्कांत, कोणत्याही माध्यमात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने साठवण करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत घातला गेला. म्हणजे साठवणे ही मालकाच्या परवानगीची बाब ठरली. दुसरीकडे खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त वापराची सूट संगणक प्रणाली वगळता सर्व प्रकारच्या कृतींना लागू झाली आणि व्हिडिओ प्रथमच तिच्या छत्राखाली आला. प्रक्षेपणाच्या तांत्रिक प्रक्रियेत आपोआप होणारी क्षणिक साठवण, म्हणजे वर सांगितलेला तात्पुरता फोल्डर, हीदेखील भंग मानली जाणार नाही असे कलम ५२ मध्येच नमूद झाले. स्वतः पाहण्यापुरता व्हिडिओ ठेवणाऱ्याला आज जो आधार आहे तो या दुरुस्तीचा. तो ‘रास्त’ या शब्दाला बांधलेला आहे, सरसकट परवाना नाही. सबंध चॅनेल उतरवून पेनड्राइव्हवर भरून विकणारा त्यात बसत नाही, आणि फुकट वाटणाराही बसेलच असे नाही, कारण वाटप सुरू झाले की वापर खासगी राहत नाही.

खासगी वापराच्या ढालीमागे कंपन्यांना दडता येत नाही हे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या प्रकरणात एप्रिल २०१९ मध्ये सांगितले. ग्राहक गाणी अॅपमध्ये साठवतो ती स्वतःच्या वापरासाठी, सबब सूट मिळावी, असा युक्तिवाद विंकच्या वतीने झाला होता. व्यावसायिक सेवा देणाऱ्याला ग्राहकाच्या सुटीचा आसरा घेता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने त्या निकालात हस्तक्षेप केला नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या, दुवा चिकटवला की व्हिडिओ काढून देणाऱ्या संकेतस्थळांविषयी विचार करतानाही हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

कुलपाचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. २०१० नंतर व्हिडिओ एका फाइलऐवजी काही सेकंदांच्या तुकड्यांत, चित्र आणि आवाज वेगळे ठेवून, पाठवला जाऊ लागला. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबने फ्लॅश सोडून एचटीएमएल-५ची पद्धत मुख्य केली. तात्पुरत्या फोल्डरातली सबंध फाइल त्या ओघात नाहीशी झाली आणि तुकडे गोळा करून जोडणाऱ्या साधनांची गरज भासू लागली. त्यांतले सर्वांत परिचित साधन यूट्यूब-डीएल २००६ पासून चालत आलेले होते. २३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून, अशा साधनांचा कोड जेथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळाने ते हटवले, आणि हे साधन कोणतेही कुलूप तोडत नाही असा खुलासा झाल्यावर त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला पुन्हा ठेवले. सशुल्क चित्रपट-मालिकांच्या सेवा मात्र प्रवाहच सांकेतिक रूपात बंद करून पाठवतात. तसे कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा भारतात कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. याच कलमात एक गमतीदार तरतूद आहे: कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंदवही ठेवली पाहिजे. ती ठेवणारा कोणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

अटींचे तिसरे प्रकरण थोडक्यात आटोपते. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या सोयीखेरीज व्हिडिओ उतरवण्यास मनाई आहे. ही अट मोडणे म्हणजे कराराचा भंग. तो आपोआप फौजदारी गुन्हा होत नाही, पण खाते बंद करण्याचा अधिकार कंपनीला राहतो. क्रोमच्या अधिकृत दुकानात यूट्यूबवरून उतरवणारी जोडसाधने मिळत नाहीत ती याच कारणाने. कमजोर नेटवर्कची अडचण कंपनीलाही ठाऊक होती आणि डिसेंबर २०१४ मध्ये भारतासाठी तिने ऑफलाइन पाहण्याची सोय काढली. साठवलेला व्हिडिओ अॅपच्या आतच राहतो आणि त्या वेळी तो ४८ तास चाले. आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला येऊन व्हिडिओ भरून नेणाऱ्या माणसाला ४८ तास कितपत पुरणार, हे सांगायला नको. शिकणाऱ्यांना मात्र चांगले पर्याय आहेत. आयआयटी व आयआयएससी यांच्या एनपीटीईएल या प्रकल्पाची व्याख्याने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली आहेत आणि ती उतरवून घेण्यास कोणाची आडकाठी नाही. दीक्षा अॅपवरील शालेय पाठही उतरवून घेता येतात.

या सगळ्यात ज्याचे चित्रण साठवले जाते त्या कलावंताचा हक्क सर्वांत उशिरा आला. नटाला आपल्या अभिनयावर कॉपीराइट नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस म्हटले होते. १९९४ची दुरुस्ती मे १९९५ मध्ये लागू झाली तेव्हा कुठे सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला, आणि त्याच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडीही नावानिशी आले. दशावतारासाठी हा हक्क विशेष मोलाचा आहे. आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात, पात्रे ती रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात, आणि नाट्यकृतीचे रूप लेखनात किंवा अन्य प्रकारे निश्चित झालेले असावे ही अट अशा प्रयोगाला लावणे अवघड जाते. तेव्हा मंडळाच्या हाती उरतो तो सादरकर्त्यांचा हक्क. जत्रेत स्वतःसाठी मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला कलम ३९ सूट देते, पण तेच चित्रण चॅनेलवर टाकून जाहिरातीचे पैसे घ्यायचे तर कलावंतांची संमती लागते, आणि व्यावसायिक वापर असेल तर २०१२ पासून ते रॉयल्टीचेही हक्कदार आहेत. प्रत्यक्षात संमती तोंडी असते, बहुधा मंडळाच्या मालकाची, आणि राजा किंवा राक्षस झालेल्या नटाला व्हिडिओ कोठे फिरतो आहे हे भाचा व्हॉट्सअॅपवर पाठवतो तेव्हा कळते.

जाखडीच्या शाहिराची स्थिती निराळी. त्याचे गीत लिहिलेले असते, त्यावर त्याचा कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. चाल मात्र पुष्कळदा सिनेमातली. २००७ पासून यूट्यूबवर असलेली कंटेंट आयडी यंत्रणा ती चाल ओळखते आणि संगीत कंपनीचा दावा लावते; शाहिराचे शब्द मात्र तिला ओळखता येत नाहीत, कारण त्याने नमुना जमा केलेला नसतो आणि ती सोय मोठ्या हक्कधारकांनाच मिळते. कोणीतरी उतरवून दुसऱ्या चॅनेलवर चढवलेला त्याचा सामना खाली आणायचा तर तक्रार त्याला स्वतःच करावी लागते.

जुन्या व्हीसीडींचे काय, हा प्रश्न आता पुढे आला आहे. २००५ साली झालेल्या प्रयोगावरील सादरकर्त्यांचा हक्क २०५५ अखेर आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चित्रणावरील निर्मात्याचा हक्क २०६५ अखेर संपेल; तबकड्यांचा लेप तोवर टिकण्याची शक्यता नाही, आणि अनेक निर्मात्यांची दुकानेही उरलेली नाहीत. सार्वजनिक, बिगरव्यापारी ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची सूट २०१२च्या दुरुस्तीने दिली आहे, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. कोकणात १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयापासून तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांपर्यंत अशी जतनाची कामे करू शकतील अशा संस्था आहेत. त्यांच्याकडे व्हीएचएस कॅसेट असेल तर तिची डिजिटल प्रत या सुटीत बसते. व्हीसीडी असेल तर ती मुळातच डिजिटल असल्याने, शब्दशः वाचले तर, बसत नाही, आणि निर्मात्याची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी मिळवणे हाच मार्ग उरतो.