नागमोडी वळणे

सपाट मैदानातून वाहताना नदीच्या पात्राला आळीपाळीने डावी-उजवीकडे पडत जाणारी वाकणे. यांनाच ‘मिअँडर’ असेही म्हणतात. हे नाव पश्चिम तुर्कस्तानातील मिआंडर, म्हणजे आजच्या ब्युयुक मेंदेरेस, नदीवरून पडले. ग्रीक भांड्यांच्या आणि इमारतींच्या कडेने काटकोनात वळत जाणाऱ्या सलग रेघेच्या नक्षीलाही तेच नाव आहे.

उतार संपला, नदी मंदावली म्हणून ती वळते, ही समजूत अपुरी आहे. हिमनदीच्या पाठीवरून वेगाने धावणारे, जवळजवळ गाळ नसलेले ओहोळही वळणे घेतात. वळणावर वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे रेटले जाते, तिथे खाली बुडते आणि तळाजवळून आतल्या काठाकडे परतते. त्यामुळे बाहेरचा काठ पोखरून ढासळतो, तर आतल्या बाजूस वाळू साठते. वळण एकदा पडले की वाढतच जाते, ते यामुळे. पेल्यातला चहा ढवळला की पत्ती तळाच्या मध्याशी का गोळा होते, यावरून आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये हीच क्रिया उलगडून दाखवली. नदी लहान असो वा मोठी, एका पूर्ण वळणाची लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट भरते.

वळणाची मान अरुंद होत जाते आणि एखाद्या पुरात नदी ती फोडून सरळ निघते. मागे उरते ते नालाकृती सरोवर. १८७६ मध्ये मिसिसिपीने असेच केले आणि व्हिक्सबर्ग शहरापुढचा मुख्य प्रवाह दूर गेला. भूभाग उचलला गेल्यास मात्र वळणे खडकात खोल कापली जातात. अमेरिकेतील सान ह्वान नदीची ३०० मीटरहून खोल वळणे त्याचे ठळक उदाहरण.

नदीला हद्द मानणाऱ्यांची यात पंचाईत होते. काठच्या जमिनीच्या हद्दी बदलल्याबद्दल मिआंडरवरच खटले भरत आणि दंड नदी ओलांडणाऱ्या नावेच्या भाड्यातून वसूल होई, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो. १८७७ मध्ये मिसुरी नदीने आयोवा व नेब्रास्का या राज्यांच्या सीमेवरील एक वळण तोडले, तेव्हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. काठ हळूहळू सरकला तर सीमाही सरकते, पण नदीने एकाएकी पात्र बदलल्यास सीमा जुन्याच पात्रात राहते, असे न्यायालयाने १८९२ मध्ये ठरवले. त्यामुळे कार्टर लेक हे गाव मिसुरीच्या नेब्रास्काकडील बाजूला असूनही आयोवात मोडते.